चाकणचे ‘गरीब’ आणि दखनी : फरिश्त्याच्या वृत्तान्ताचें परीक्षण

(१)

चाकणच्या भुईकोटाचें नांव निघालें म्हणजे इतिहासभक्तांस प्रथम आठवतो तो इ. स. १६६० च्या पावसाळ्यांतील फिरंगोजी नरसाळ्याचा झगडा. शाएस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढें सुमारें दोन महिने टिकलेल्या या कोटाची कीर्ति योग्यच आहे. परंतु त्या झगड्यापूर्वीं दोनशें वर्षें याच कोटाला दुसरा एक वेढा पडला होता, व त्याचा शेवट झुंजींत न होतां कत्तलींत झाला, ही गोष्ट आमच्याकडील लेखनांत एकदोन ओळींत उरकली जाते. बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा दुसरा (इ. स. १४३६–१४५८) याच्या कारकीर्दींत, पंधराव्या शतकाच्या मध्यास, समुद्रापलीकडून आलेल्या सरदार-शिपायांस दखनी म्हणविणाऱ्या सरदारांनीं या कोटांत कोंडलें आणि अखेर मारिलें. या प्रसंगाचा विस्तृत वृत्तान्त महंमद कासीम फरिश्ता यानें दिला असून पुढील बहुतेक लेखक त्याच्याच मागून गेले आहेत.

सदर वृत्तान्ताचें परीक्षण आज करण्यास एक विशेष कारण आहे. ज्या चाकणांत ही कत्तल झाली तें चाकण व त्याच्या दक्षिणेस असलेला पिंपरी-चिंचवडचा प्रदेश आज देशांतील मोठ्या कारखानदारीच्या पट्ट्यांत मोडतो, आणि तेथील वस्तींत बाहेरून आलेल्यांचा भरणा फार मोठा आहे. ‘बाहेरचा’ कोण व ‘येथला’ कोण, हा वाद तेथें आजहि जिवंत आहे, व त्यांत इतिहासाचे दाखले हवे तसे फेंकले जातात. अशा वेळीं याच भूमीवर याच वादासंबंधें लिहिला गेलेला एक जुना व सविस्तर लेख कितपत विश्वसनीय आहे, त्यांत कोणाचा आवाज आहे व कोणाचा नाहीं, हें पाहणें संशोधकाचें काम होय. तें केलें असतां आजच्या कागदांकडे कसें पाहावें याचाहि कांहीं बोध होईल, अशी आमची समजूत आहे.

(२)

फरिश्ता सांगतो तें थोडक्यांत असें. सुलतानानें कोंकणपट्टी काबीज करण्याची कामगिरी खलफ हसन बसरी, किताब मलिक-उत्-तुज्जार, याजवर सोंपविली. हा मूळचा व्यापारी. पूर्वींचा सुलतान अहमदशहा यास तख्त मिळवून देण्यांत त्याचा हात असल्यामुळें तो मोठ्या पदास चढला होता. त्यानें चाकण हें आपलें ठाणें केलें व तेथून घाटाखालीं फौजा पाठविल्या. शिर्के आडनांवाच्या एका राजास जिंकून त्यानें धर्मान्तर कर किंवा मर असा पेंच घातला. शिर्क्यानें उत्तर दिलें कीं, खेळण्याचा शंकरराय हा माझा वैरी. मी धर्म सोडला व तो तसाच राहिला तर माझी विटंबना होईल. तरी प्रथम त्यास जिंकावें, वाट मी दाखवितों. मलिक-उत्-तुज्जार या बोलण्यास भुलला. दखनी व हबशी सरदार घाटांत शिरण्यास नाकबूल होऊन मागें राहिले. पुढें गर्द रानांत रात्रीं शंकररायाचा छापा पडला. मलिक-उत्-तुज्जार त्या वेळीं आजारी होता, तो आपल्या पुष्कळ लोकांसह मारला गेला.

वांचलेले परदेशी चाकणकडे वळले. मागें राहिलेल्या दखन्यांची कागाळी सुलतानाकडे लिहूं, असें त्यांपैकीं कांहीं बोलून गेले. तें ऐकून दखन्यांनींच आधीं अर्ज पाठविला कीं, परदेशी फितूर होऊन कोंकणच्या राजांस मिळण्याच्या बेतांत आहेत. सुलतान मद्याच्या धुंदींत असतां हा अर्ज त्यास सादर झाला व परदेशीयांच्या पारिपत्याचा हुकूम सुटला. परदेशीयांनीं चाकणचा कोट धरला. सुमारें दोन महिने वेढा चालला. आंतून सुलतानास लिहिलेलीं पत्रें वाटेंत अडविलीं गेलीं. अखेर कुराणावर शपथ वाहून अभयवचन देण्यांत आलें, लोक बाहेर आले, तीन दिवस त्यांस कोणीं हात लावला नाहीं, आणि चौथे दिवशीं मेजवानीच्या निमित्तानें बोलावून म्होरक्यांस कापून काढण्यांत आलें. बाहेर राहिलेल्यांचीहि तीच गत झाली. फरिश्त्याच्या हिशेबाप्रमाणें बाराशें सय्यद, सुमारें हजार इतर परदेशी आणि पांच-सहा हजार मुलें मारलीं गेलीं. कासीम बेग आदि कांहीं सरदारांचा तळ निराळा होता. ते लढत निसटले व त्यांची फिर्याद सुलतानापर्यंत पोंचली. सुलतान पस्तावला, कपट करणाऱ्यांस शिक्षा झाल्या, आणि दोघां मुख्य दखनी सरदारांस पुढें महारोग जडला असेंहि फरिश्ता सांगतो.

(३)

आतां सांगणारा कोण, तें पाहूं. फरिश्त्याचा जन्म कास्पियन समुद्राच्या कांठच्या अस्तराबादचा. बापाबरोबर तो लहानपणीं अहमदनगरास निजामशाहींत आला व तेथेंच वाढला. इ. स. १५८८ त मुर्तजा निजामशहा मारला गेला. दुसऱ्या वर्षीं त्याचा मारेकरी पुत्र मीरान हुसेन हाहि मारला गेला. आणि त्या धामधुमींत जमालखानाच्या पुढाकारानें अहमदनगर शहरांत परदेशीयांची कत्तल झाली. त्याच वर्षीं फरिश्ता विजापुरास गेला, व पुढें दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयानें त्यानें आपला इतिहास रचला. म्हणजे चाकणचें प्रकरण लिहिणारा पुरुष स्वतः परदेशी पक्षाचा होता. ज्या शहरांत तो वाढला तेथेंच त्याच्या पक्षाच्या लोकांचे प्राण त्याच्या हयातींत याच कारणासाठीं गेले होते. आणि वर्ण्य घटना त्याच्या लेखनापूर्वीं दीडशें वर्षांहून अधिक जुनी होती. चाकणच्या कोटाविषयीं लिहितांना अहमदनगरच्या रस्त्यांतील प्रेतें त्याच्या डोळ्यांपुढें नव्हतीं, असें मानणें कठीण आहे.

त्याला पडताळून पाहावें म्हणून दुसरा ग्रंथकार शोधूं गेल्यास ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ हा ग्रंथ हातीं येतो. परंतु त्याचा कर्ता सय्यद अली तबातबा हाहि इराणाकडून आलेला व निजामशाहीच्या आश्रयास राहिलेला. म्हणजे एका पक्षाचे दोन साक्षीदार मिळतात. प्रतिपक्षाचा एकहि मिळत नाहीं. दखनी सरदारांनीं बेदरास पाठविलेला अर्ज मुळांत काय होता हें आपणांस केवळ त्यांच्या शत्रूंच्या लेखणींतून कळतें.

दुसरी गोष्ट वृत्तान्ताच्या घडणीची. मद्यधुंद सुलतान, दखन्यांनीं हातीं दिलेलें खोटें पत्र, निरपराध परदेशीयाचा वध, आणि मागाहून पश्चात्ताप, हा सांचा फरिश्त्याच्या ग्रंथांत एकदांच येत नाहीं. महमूद गवान या गिलाणच्या परदेशी वजिराचा इ. स. १४८१ त जो वध झाला त्याच्या हकीकतीची चौकटहि हीच आहे. दोन प्रसंग खरोखरच सारखे घडले असतील. पण सांगणाराच्या मनांत एक कथा आधीं तयार होती, व नंतरच्या प्रसंगाचा रंग आधींच्या प्रसंगावर चढला, अशी शंका घेण्यास येथें जागा आहे. महारोगाचा शेवट तर नीतिकथेचा आहे. बखरींतून असे शेवट वाचण्याची संवय असलेल्या वाचकांस तो ओळखूं येईल.

तिसरी गोष्ट आंकड्यांची. चाकण हें मोहिमेचें ठाणें असल्यामुळें शिपायांचे कुटुंबकबिले तेथें असणें संभवनीय आहे. तथापि बावीसशें पुरुषांमागें पांच-सहा हजार मुलें, त्यांच्या आया निराळ्या, आणि या सर्वांचा दोन महिने एका भुईकोटांत निभाव, हें गणित जुळण्यासारखें नाहीं. हे आंकडे मोजून काढलेले नसून दुःखाचें माप दाखविण्यासाठीं घातलेले आहेत, असें समजणें बरें.

येवढें म्हटल्यावर तितक्याच स्पष्टपणें हेंहि म्हटलें पाहिजे कीं, आंकडे फुगले म्हणून कत्तल खोटी ठरत नाहीं. पक्षपाती लेखक जेथें आपल्याच पक्षाला कमीपणा आणणारी गोष्ट सांगतो तेथें त्याच्यावर विश्वास ठेवावा, हा साक्षिपरीक्षेचा जुना नियम आहे. मलिक-उत्-तुज्जार शत्रूच्या शब्दावर विसंबून रानांत शिरला, दखन्यांचा सल्ला त्यानें मानला नाहीं, वांचलेल्या परदेशीयांनीं भलत्या वेळीं भलतें बोलून संकट ओढवून घेतलें, या गोष्टी फरिश्त्यास झांकतां आल्या असत्या. त्यानें त्या झांकल्या नाहींत. यावरून चाकण येथें मोठा वध झाला, तो अभयवचन देऊन झाला, व त्याचें मूळ एका पराभवाचा दोष कोणाच्या माथीं मारावा या भांडणांत होतें, इतकें ग्राह्य धरण्यास हरकत नाहीं. त्यापलीकडील तपशील साक्षीविना आहे.

(४)

परंतु फरिश्त्याच्या वृत्तान्तांतील मुख्य दोष आंकड्यांचा नाहीं किंवा महारोगाचाहि नाहीं. तो दोन नांवांचा आहे. एका बाजूस ‘दखनी’ व दुसऱ्या बाजूस ‘परदेशी’ अशी विभागणी तो करतो, आणि ब्रिग्जनें इ. स. १८२९ त इंग्रजी भाषान्तर प्रसिद्ध केल्यापासून ती जणूं निसर्गानेंच केलेली आहे अशा थाटांत सर्वत्र वापरली जाते. ती तपासून पाहिली पाहिजे.

हे दखनी कोण होते? त्यांच्या पूर्वजांपैकीं पुष्कळ इ. स. १३२७ त महंमद तुघलखानें देवगिरीस दौलताबाद नांव देऊन राजधानी हालविली त्या सुमारास दिल्लीकडून आलेले. इ. स. १३४७ त त्यांनींच बंड करून बहामनी राज्य स्थापिलें. म्हणजे ज्यांस आपण ‘येथले’ म्हणतों ते शंभर-सवाशें वर्षांपूर्वींचे ‘बाहेरचे’ होते. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट हबश्यांची. समुद्र ओलांडून आफ्रिकेंतून आणलेले हे लोक; त्यांचें मूळ घर दखन्यांच्या मूळ घराहून कितीतरी दूर. तरी या भांडणांत त्यांची गणना दखनी पक्षांत होते. सारांश, कोण किती दुरून आला यावरून ही विभागणी ठरली नव्हती. कोण आधीं आला, कोणाच्या ताटांतला घांस कोण घेतो, आणि दरबारांत कोणाचा शब्द चालतो, यावरून ती ठरली होती.

आतां दुसरें नांव पाहूं. फार्शी तवारिखांत नव्याने आलेल्या या लोकांस ‘आफाकी’, म्हणजे दिगंतांतून आलेले, असें म्हणतात. आणि ‘गरीब’ असेंहि म्हणतात. ‘गरीब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परका, अनोळखी, घरापासून दूर पडलेला असा आहे. तोच शब्द आमच्या भाषेंत आला तेव्हां त्याचा अर्थ निर्धन व निरुपद्रवी असा झाला. चाकणचे गरीब निर्धन मुळींच नव्हते. ते घोडेस्वार, मनसबवाले व सुलतानाचे आवडते होते. परंतु शब्दाचा हा प्रवास निरर्थक नाहीं. ज्याच्यामागें गोत नाहीं, जामीन राहणारा शेजारी नाहीं, अर्ज योग्य ठिकाणीं पोंचविणारा माणूस नाहीं, तो कितीहि श्रीमंत असला तरी प्रसंगीं गरीबच. चाकणच्या कोटांतून लिहिलेलीं पत्रें वाटेंत अडविलीं गेलीं, यांत हेंच दिसून येतें.

(५)

या दोन नांवांच्या मधून एक तिसरा पक्ष समूळ गळून गेला आहे. चाकण कसब्याचे पाटील-कुलकर्णी, भोंवतालच्या वाड्यांतील कुणबी, घाटांतील कोळी, पेठेंतील वाणी-उदमी यांचा फरिश्त्याच्या वृत्तान्तांत पत्ता नाहीं. दोन महिने वेढा चालला तो कोणाच्या धान्यावर, हें तो सांगत नाहीं. देशी माणूस म्हणून त्याच्या पटावर येतो तो शिर्के, आणि तो विश्वासघातकी म्हणून. ‘परदेशी’ विरुद्ध ‘दखनी’ या भांडणांत ज्यांची भूमि होती त्यांस पक्षच नाहीं.

हा पक्ष कोठें सांपडतो? आमच्या दफ्तरांत. तो तेथें निराळ्या शब्दांनीं बोलतो, आणि ते शब्द फरिश्त्याच्या शब्दांहून अधिक नेमके आहेत. जुन्या मराठी कागदांत गांवचा शेतकरी दोन प्रकारचा असतो: मिरासदार व उपरी. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचा. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा, हक्क नसलेला, पण पाहिजे तेव्हां निघून जाण्यास मोकळा. या विभागणीचा विशेष हा कीं, ती पुसतां येत असे. उपऱ्यानें गांवाच्या संमतीनें मोल देऊन मिरासपत्र करून घेतलें, पाटलानें व बलुत्यांनीं साक्षी घातल्या, म्हणजे तो मिरासदार झाला. पुढील पिढींत तो कोठून आला हें कोणी विचारीत नसे. संग्राहकांच्या रुमालांत अशीं मिरासपत्रें असतात. ‘बाहेरचा’ मनुष्य ‘येथला’ कसा होतो, याचा कायदा त्यांत लिहिलेला आहे.

याच पट्ट्यांतील सर्वांत मोठें उदाहरण चिंचवडच्या देवांचें. मोरया गोसाव्यांचा काल विद्वानांत वादग्रस्त आहे. परंतु त्यांचें घराणें बेदराकडून आलें, ही परंपरा सांप्रदायिक चरित्रांत आढळते. ज्या बेदराहून परदेशीयांच्या वधाचा हुकूम चाकणास आला, त्याच बेदराकडून चिंचवडचें दैवत झालेलें हें कुल आलें, असें परंपरा मानल्यास होतें. पुढें निरनिराळ्या सत्तांकडून या देवस्थानास इनामें मिळालीं. त्यांच्या सनदा, त्यांवरील तंटे व हिशेब यांचें दफ्तर इतकें भरघोस आहे कीं, लॉरेन्स प्रेस्टन यांनीं त्याच्या आधारें इ. स. १९८९ त स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आज चिंचवडांत देवांस बाहेरचे म्हणण्याची कोणाची छाती नाहीं. आळंदीचेंहि तेंच: ज्ञानेश्वरांचें घराणें पैठणाजवळच्या आपेगांवचें. स्वतः चाकणच्या कोटाविषयीं पुणें जिल्ह्याच्या इ. स. १८८५ च्या गॅझेटियरमध्यें अशी ऐकीव गोष्ट नमूद आहे कीं, तेथील बाहेरची जुनी तटबंदी इ. स. १२९५ त एका हबशी सरदारानें बांधली. खिलजी देवगिरीवर येण्याच्याहि आधींचा हा काल असल्यामुळें ती दंतकथा स्वीकारणें कठीण आहे. पण आपल्या कोटाचा कर्ता परदेशी होता असें सांगण्यांत चाकणच्या लोकांस कमीपणा वाटला नाहीं, येवढें तरी तीवरून सिद्ध होतें.

(६)

येथपर्यंत केलेली छाननी आजच्या काळास लावून पाहूं. इ. स. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीस झाली. पिंपरी कॅम्पाच्या बाजारपेठेचा उगम तोच. इ. स. १९५४ त पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. इ. स. १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. आकुर्डीस बजाज व इ. स. १९६६ त पिंपरीस टेल्को आली. इ. स. १९७० त नगरपालिका व १९८२ त महानगरपालिका झाली. मग कारखाने उत्तरेस सरकले: इ. स. १९९९ त बजाजचा चाकणचा कारखाना, २००९ त फोक्सवागेन व मर्सिडीझ-बेंझ या जर्मन कंपन्या, २०१० त महिंद्र. महानगरपालिकेच्या हद्दींतील लोकसंख्या इ. स. १९९१ त पांच लाखांहून थोडी अधिक होती, ती २०११ च्या शिरगणतींत सव्वासतरा लाखांवर गेली. वीस वर्षांत तिपटीहून अधिक झालेली ही वाढ केवळ पाळण्यांतून झाली नाहीं, हें सांगण्याची गरज नाहीं. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथून लोक आले. केरळ, कर्नाटक येथून आले. नंतर बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा, बंगाल येथून आले. निगडी-आकुर्डीकडे अय्यप्पाचीं देवळें उभीं राहिलीं, आणि मोशीच्या घाटावर इंद्रायणींत छठीचे अर्घ्य दिले जाऊं लागले.

या लोकांविषयीं जें लेखन होतें त्यांत फरिश्त्याचीच दोन नांवें नव्या वेषांत आढळतात: ‘भूमिपुत्र’ व ‘परप्रांतीय’. दोष तोच. लातुराहून इ. स. १९८५ त भोसरीस आलेला कामगार पहिल्या रकान्यांत पडतो, आणि इ. स. १९४८ त कराचीहून आलेल्या व्यापाऱ्याचा नातू कोणत्या रकान्यांत घालावा हें कोणास सांगतां येत नाहीं. आधीं आलेला मागून आलेल्यास बाहेरचा म्हणतो, ही दखन्यांची रीत. राज्य सरकारचें इ. स. २००८ चें धोरण या बाबतींत अधिक सरळ होतें: उद्योगांतील पर्यवेक्षकाखालच्या जागांपैकीं शेंकडा ८० स्थानिकांस द्याव्या, व राज्यांत पंधरा वर्षें वास्तव्य झालेला तो स्थानिक. हें धोरण योग्य कीं अयोग्य हा प्रश्न राजकारण्यांचा. आम्हांस त्यांत दिसतें तें येवढेंच कीं, परक्याचा आपला होण्यास एक मुदत ठरवावी लागते हें शासनासहि मान्य करावें लागलें. जुन्या गांवांत जें काम मिरासपत्र करी तें येथें पंधरा वर्षांचा दाखला करतो. फरक इतकाच कीं, मिरासपत्रावर गांवच्या साक्षी असत, या दाखल्यावर कचेरीचा शिक्का असतो.

आणि गळलेला तिसरा पक्ष? तो आजहि गळतो. म्हाळुंगें, निघोजें, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गांवांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या. ज्यांच्या गेल्या त्यांतील पुष्कळांनीं उरलेल्या तुकड्यांवर खोल्या बांधून त्या कामगारांस भाड्यानें दिल्या. ज्याच्या पणजोबानें उपऱ्यास जमीन लावली तो आज उपऱ्यास खोली लावतो. त्याची तक्रार खोटी नाहीं: जमीन गेली, मोबदला संपला, मुलास कारखान्यांत कायमची जागा नाहीं. पण त्याच्या घरचा चरितार्थ ज्या भाड्यावर चालतो तें भाडें परप्रांतीय देतो. भूमिपुत्र व परप्रांतीय हे या खोलीच्या दाराशीं परस्परांचे वैरी नाहींत व मित्रहि नाहींत. ते एकमेकांचे कूळ व मालक आहेत. दोन नांवांच्या इतिहासांत हा संबंध बसत नाहीं, म्हणून तो लिहिलाच जात नाहीं.

(७)

यावर कोणी म्हणेल कीं, सुलतानाचे घोडेस्वार सरदार आणि कंत्राटदाराचे रोजंदारीचे मजूर यांची तुलना ओढूनताणून केलेली आहे. माणसांची तुलना आम्ही करीतच नाहीं. तुलना कागदांची आहे. पंधराव्या शतकांत परदेशी पक्षाची बाजू लिहिली गेली, कारण लेखणी त्याच्या हातीं होती. दखन्यांची लिहिली गेली नाहीं. गांवकऱ्यांची तर नाहींच. आज लेखणी सरकार व कंपन्या यांच्या हातीं आहे. परप्रांतीय कामगारासंबंधीं कागद पुष्कळ निघतात, परंतु त्यानें लिहिलेले फार थोडे. शिरगणतींत त्याचें जन्मस्थान, पूर्वींचें राहण्याचें ठिकाण व स्थलांतराचें कारण विचारलें जातें, पण इ. स. २०२१ ची शिरगणती त्या वर्षीं झालीच नाहीं, त्यामुळें चाकणच्या वाढीचीं ऐन वर्षें कोरीं राहिलीं. इ. स. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यानें कंत्राटदारावर असें बंधन घातलें होतें कीं, प्रत्येक मजुरास छायाचित्र लावलेलें पासबुक द्यावें व त्यांत कामाचें ठिकाण, मुदत व मजुरी नोंदवावी. तो कायदा आतां नव्या संहितेंत विलीन झाला. त्या पासबुकांपैकीं एकहि एखाद्या संग्रहांत नीट ठेविलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

इ. स. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली व मे महिन्यापासून मजुरांसाठीं खास आगगाड्या सुटल्या. त्या वेळीं नांवनिशीचे अर्ज व वैद्यकीय दाखले यांचे ढीग झाले. तत्पूर्वीं इ. स. २००८ च्या आरंभीं, उत्तर भारतीयांविरुद्ध चळवळ झाली तेव्हां, नाशिक व पुणें भागांतून हजारों मजूर गाड्या भरून गांवीं गेले होते. या दोन्ही प्रसंगांचा इतिहास पुढें कोणी लिहूं लागल्यास त्याला वर्तमानपत्रें मिळतील, सरकारी आंकडे मिळतील. गेलेल्या मनुष्यानें मागें काय ठेविलें, घरमालकाशीं त्याचा हिशेब कसा मिटला, परत आल्यावर तीच खोली मिळाली कीं नाहीं, हें सांगणारा कागद मिळणार नाहीं. चाकणच्या कोटांतून सुटलेलीं पत्रें वाटेंत अडविलीं गेलीं. हीं तर लिहिलींच गेलीं नाहींत, किंवा लिहिलीं तीं रद्दींत गेलीं.

आमचा संग्राहकवर्ग फार्शी फर्मान किंवा मोडी महजर दिसतांच त्यास जपून ठेवतो. तें योग्यच आहे. परंतु शंभर वर्षांनीं ज्यास आपण अस्सल म्हणूं तो कागद आज चाकणच्या भंगारवाल्याच्या तराजूंत आहे. भूसंपादनाच्या नोटिसा व त्यांवरील हरकती, कारखान्यांतील जमिनीचे जुने सातबारे, घरमालकांच्या भाड्याच्या वह्या, पोलिसांकडे द्यावयाच्या भाडेकरूंच्या माहितीच्या प्रती, कंत्राटदारांचे हजेरीपट, खाणावळींच्या उधारीच्या वह्या, छठीच्या व ओणमच्या निमंत्रणपत्रिका, पिंपरीच्या जुन्या पेढ्यांतील खातेवह्या, हे सर्व इतिहासाचे साधन होय. शेवटच्यांत एखादी सिंधी व्यापाऱ्यांच्या वाणिक लिपींतील वही आढळली तर ती विशेष जपावी. मोडीप्रमाणें तीहि व्यवहाराची लिपी आहे, आणि ती वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. जिवंत माणसांचीं नांवनिशीं असलेले कागद मात्र मालकाच्या संमतीनें घ्यावे व मुदत ठरवून बंद ठेवावे. नाहीं तर आजच्या भांडणांत त्यांचा उपयोग हत्यारासारखा होईल, आणि चाकणचा इतिहास आपणांस सांगतो कीं, एका अर्जानें येथें किती जीव जाऊं शकतात.

फरिश्त्यास आपण पक्षपाती म्हटलें. तरी त्यानें आपल्या पक्षाच्या चुका लिहून ठेविल्या, म्हणून आज त्याची तपासणी करतां आली. आपल्या मागून येणाऱ्यास आपलीहि तशीच तपासणी करतां यावी. त्यासाठीं तिन्ही पक्षांचे कागद एकाच कपाटांत, शेजारीं शेजारीं, लागले पाहिजेत: आधीं आलेल्याचे, मागून आलेल्याचे, आणि ज्याची जमीन होती त्याचे.